एकशे आठ मणी, एक दोरा

२ फेब्रुवारी १९३१, सकाळी
आजपासून राग बंद. गंगम्मानं मंद्रूपहून, माहेरून, निरोप धाडलाय: एकशे आठ रुद्राक्षांची माळ एका सलग दोऱ्यात वोवून आना. वोवताना कुनावर हात उचलला, तर दोरा तोडून पयल्यापासून. तशी माळ आनली तरच नांदायला येते.
अहो, मी शुक्रवार पेठेतला नंबर वन माळवाला! दोन दिवसांचं काम. मारामारी माझ्या स्वभावातच नाही.

३ फेब्रुवारी
चौतीस झाले. मणी विकणाऱ्या इलाहीबक्षनं माळेच्या शेंड्याचा मेरुमणी आणला, लाल अकीकाचा. मणी तडकलेला. दाखवला तर म्हणतो, कुदरती लकीर है ना वो! त्याच्या गालावर तसलीच एक काढली. ही मारामारी नव्हे, धंद्यातली बोलणी. पण रूल म्हणजे रूल. दोरा तोडला.

दुपारी
चौतीस मणी पुन्हा कोण ओवणार? तुटल्या जागी गाठ मारली. मण्याच्या पोटात गेली. फर्स्ट क्लास!

५ फेब्रुवारी
बासष्ट. श्रीमंत नावाचा शेजारी दारात येऊन विचारतो, वहिनी कधी येणार? लई प्रेमानं विचारलं, तेच खुपलं. गंगम्माच्या आंदणातला तांब्या फेकला. त्याच्या कपाळाला तीन टाके. मी हात उचलला नाही, तांब्या उचलला. तरी शंका नको म्हणून एक गाठ.

८ फेब्रुवारी
गिऱ्हाईक ईरप्पा म्हणाला, माळ वाकडी दिसते. त्याचा एक दात पडला. तो आधीच हलत असणार. त्याच्या भावाला विचारलं असतं, पण तोवर भावाचंही नाक फुटलं होतं. दोन गाठी. माझं मनगट सुजलंय, त्याची चौकशी कुणी करत नाही.

१० फेब्रुवारी
माळ पुरी! रक्ताचा डाग होता, घासून काढला. टेंपर पूर्ण ताब्यात. तांब्याही घासून ठेवला. जरा चेपलाय.

११ फेब्रुवारी, मंद्रूप
गंगम्मा माळवाल्यांचीच लेक, हे विसरलो. मण्यामण्यात नख घालून सरकवत गेली. हितं कोन? आन हितं? चारी नावं सांगितली, कारणंही सांगितली. एकेक पटण्यासारखं. ती नुसतं बरं म्हणाली. मला वाटलं, जमलं! माळ तिच्या गळ्यात घालायला हात वर केला.
ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली.

१२ फेब्रुवारी
एकटाच परत आलो. तिच्या अंगावर माशी आली असेल, असं रस्ताभर स्वतःला सांगत होतो. माशी नव्हती.