मामंजींच्या खुर्चीखालची बुरशी

ती. आत्या,

वाकून नमस्कार. (मनातल्या मनात. प्रत्यक्ष वाकायला पुढच्या खोलीत जमीन उरलेली नाही.) तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे खुशाल, आणि हे तर इतके खूश आहेत की जेवणाचीही शुद्ध नाही.

झालं असं, काल मामंजी नेहमीसारखे खिडकीशी पेपर वाचत बसले होते, तेवढ्यात कडाड्‌ आवाज झाला आणि ते खुर्चीसकट फळ्यांतून कमरेपर्यंत खाली गेले. लागलं काहीच नाही. (पेपरही सुटला नाही.) ही लाकडी जमीन त्यांनी स्वतःच्या वखारीतून फळ्या निवडून घातलेली. आणि मुलगा वखार सोडून बुरश्यांच्या नादी लागला म्हणून ते यांच्याशी बोलतात ते माझ्यामार्फत. (मीठ हवं असलं तरी मी मध्ये लागते.)

यांनी वडिलांना वर काढलं, मग हे भोकात डोकावले आणि तिथेच पालथे पडले. मला वाटलं, आता हेही गेले. पण तो आनंद होता! फळ्यांच्या पाठीला पिवळट तपकिरी खरबरीत थर धरला होता, कडेला पांढरा, दुधावरच्या सायीसारखा पसरलेला. लाकूड आतून खाऊन तपकिरी भुगा मागे ठेवणाऱ्या ज्या बुरशीसाठी यांनी कॉलेजातली उभी हयात घालवली, रानोमाळ हिंडून दरवर्षी ताप आणला, ती वडिलांच्या खुर्चीखाली मजेत नांदत होती. (मोरीचा पाइप गळतोय म्हणून मी कधीची कानीकपाळी ओरडत होते, ते सोड.)

बोलावलेला सुतार म्हणाला, आजच उचकटू, नाहीतर बुरशी दारांनाही धरेल. नमुने काढल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही म्हणून हे भोकावर आडवे झाले. मामंजींनी एक फळी उचलली, तर तिचे चौकोनी तुकडे होऊन हातातून गळाले. मग माझ्याकडे न बघता, थेट यांना म्हणाले, "या बुरशीनं माझ्या वखारीचं लाकूड निवडलं. पारख आहे हिला."

हे म्हणाले, "बाबा, जरा बॅटरी धरता?"

संध्याकाळपर्यंत दोघं शेजारी पालथे पडून वाद घालत होते आणि मला मध्ये कुणी विचारलं नाही. आत्या, मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

तुझीच,
भाची

ता. क. सगळी जमीन काढावी लागणार. तुझी वरची खोली रिकामीच असते ना?

ता. क. २: आम्ही तिघं आणि बुरशीचा एक डबा. डब्याला ओल आणि अंधार लागतो, आणि लाकडापासून लांब ठेवायचा. (तुझा जिना लाकडी आहे हे मी यांना सांगितलेलं नाही.)

ता. क. ३: टपालात टाकायला सवड झाली नाही म्हणून पत्र तुझ्या दाराखालून सरकवते आहे. वाचून झालं की कडी काढ. मामंजी बाहेर ट्रंकेवर बसलेत.