घामाची गोळी

सुरंगवाडी, ता. मालवण
१६ ऑक्टोबर १९८६

प्रिय सरलाताईस,

तुझ्या धाकट्या मावसबहिणीचा, म्हणजे तुळसाचा, वाकून नमस्कार. भावोजींना सांग, आणि तुझ्या सासूबाईंना माझ्या वतीने दोनदा कर. (गेल्या खेपेला राहून गेला होता.) कोल्हापूरच्या हवेने तुझा खोकला वाढला नसेल ना? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. भात कापणीला आलं आहे, बाबांचा डोळा बरा आहे, गाय व्याली. एवढं वाचून तू पत्र मिटून ठेवशील, म्हणून आधीच सांगते, की सुखरूप हा शब्द मी रिवाज म्हणून लिहिला. खरं म्हणजे गेले तीन आठवडे मी इतकी हादरले आहे, की परवा स्वतःच्या आईला "नाव सांगा" म्हणून विचारलं. तिने सांगितलंही बिचारीने, आडनावासकट.

तुला आमचं रुग्णालय ठाऊक नाही. वीस खाटांचं, गावातल्या मंडळाने चालवलेलं. एक डॉक्टर सामंत, आम्ही चार नर्सा, आणि आमच्या इन्चार्ज सुभद्राबाई. अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली त्यांची. दर महिन्याला त्या दाराजवळच्या फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात 'परिचर्या वार्ता' लिहून लावतात. किती बाळंतपणं झाली, कोणती सिस्टर कुठल्या प्रशिक्षणाला गेली, कोणाचं लग्न ठरलं, आणि सगळ्यांत खाली 'चुका : निरंक'. आरतीच्या शेवटी कापूर लावावा तसं ते निरंक असायचं. ते नसेल तर महिना पुरा झाला असं आम्हालाच वाटलं नसतं.

ऑगस्टात बाहेरून एक बाई दोन दिवस आम्हाला शिकवायला आल्या. विषय होता रुग्णाची सुरक्षितता. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, चहात साखर न घेणाऱ्या. (सुभद्राबाईंचा त्यांच्यावरचा विश्वास तिथेच उडाला.) त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, औषध देताना आपण रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, त्याला स्वतःला सांगायला लावायचं. दुसरी, एक वही ठेवायची आणि ज्याच्या हातून चूक होईल त्याने त्यात स्वतः लिहायची. लिहिल्याबद्दल कोणाला शिक्षा नाही. जाताना त्या फळ्यासमोर थांबल्या, निरंक वाचलं, आणि अगदी हळू म्हणाल्या, की माझ्या बावीस वर्षांत असा महिना मला एकदाही मिळालेला नाही. सुभद्राबाईंनी ती स्तुती समजून मान डोलावली. वही आली, तिला निळं कव्हर घातलं, आणि ती कोरीच्या कोरी कपाटात जाऊन बसली.

आता माझं ऐक. सात नंबरच्या खाटेवर लक्ष्मी होती. सत्तरीची, तापाने अशक्त झालेली, गुडघे धरलेले. आठ नंबरवर मथुराबाय, मधुमेहाची, पायाला जखम. आठ नंबर खिडकीजवळ आहे आणि खिडकीतून एस.टी.चा थांबा दिसतो. लक्ष्मीचा मुलगा सत्यवान कणकवलीच्या गाडीने यायचा, त्याची वाट बघायला बरं पडतं म्हणून त्या दोघींनी रविवारी आपसांत खाटा बदलल्या. उशा, तांबे, कपडे, सगळं नीट बदललं. आम्हाला तेवढं सांगायचं राहिलं. सोमवारी सकाळी मी दहा दिवसांच्या रजेवरून आले. दोघींची तोंडं मला नवी होती. ट्रॉली घेऊन आठ नंबरपाशी थांबले, आणि शिकवलेलं सगळं विसरून विचारलं, "मथुराबाय ना?" म्हातारी गोड हसली आणि "होय" म्हणाली. मी मधुमेहाची गोळी तिच्या हातावर ठेवली, पाणी दिलं आणि पुढे गेले.

तिचा सोमवारचा उपास होता. पोटात अन्नाचा कण नाही आणि वरून साखर उतरवणारी गोळी. साडेदहाच्या सुमारास शेजारून मथुराबायने हाक मारली, की हिला काहीतरी होतंय. मी गेले तर लक्ष्मी घामाने निथळत होती. पातळ अंगाला चिकटलेलं, हात लटलटत होते, डोळे कुठेतरी दूर लागलेले. ताई, त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. खाट, खिडकी, गोळी. कानात कोणीतरी रिकामी घागर वाजवावी तसं झालं. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज दिलं. पाच-सात मिनिटांत ती माणसात आली. डॉक्टरांनी तिला रात्रीपर्यंत नजरेखाली ठेवायला सांगितलं, कारण त्या गोळीचा अंमल लांबतो. मी दुपारभर तिच्या खाटेजवळून हलले नाही. नंतर मी तिला विचारलं, की आजी, तुमचं नाव लक्ष्मी, तर तुम्ही होय का म्हणालात? ती म्हणाली, "तू एवढ्या मायेन इचारलंस, नाय कसा म्हणाचा?"

संध्याकाळी सत्यवान आला. सुभद्राबाईंचं मत होतं, की आता म्हातारी बरी आहे तर उगाच कशाला बोला, उपासाने चक्कर आली म्हणून सांगा. (खोटंही नव्हतं ते. अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं बोलायला फार सोपं पडतं.) पण मला ते जमेना. मी त्याला व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही. आता हा ओरडेल, मंडळाकडे जाईल, माझी नोकरी जाईल, बाबांना काय सांगू, एवढं सगळं मी त्याच्या तोंडाकडे बघत ठरवून टाकलं. त्याने हातातली पिशवी या हातातून त्या हातात केली. मग म्हणाला, "तुमी सांगलास म्हणान कळला. नायतर आमका कोण सांगता?" आणि आत जाऊन आईच्या पायाशी बसला. त्याच्या रागावर मी रडायची तयारी करून ठेवली होती, ती त्या बोलण्यावर वापरावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी निळी वही काढली आणि पहिल्या पानावर माझी चूक लिहिली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आपल्या माणसांना तू विसरलीस. लक्ष्मी चार दिवसांनी घरी गेली आणि वाडीभर सांगत सुटली, की तुळसा सिस्टरने एक गोळी दिली, अंगातलं सगळं दुखणं घामावाटे वाहून गेलं, आणि गुडघा दुखायचा थांबला. गुडघा थांबला होता हे खरं. बारा दिवस खाटेवर पडून राहिली तर गुडघा थांबणार नाही तर काय करणार? पण हे डॉक्टरांचं म्हणणं, आणि डॉक्टरांचं म्हणणं फाटकापर्यंतच जातं. पुढच्या गुरुवारी सकाळी ओसरीवर चार बायका बसलेल्या. कोणाला ताप नाही, खोकला नाही. मी विचारलं तर पहिली म्हणाली, "माका ती घामाची गोळी होयी."

मी त्यांना समजावलं, की ती गोळी चुकून दिली होती, त्याने माणूस दगावूही शकतं. त्या एकमेकींकडे बघून हसल्या. औषध महाग असेल म्हणून सिस्टर नाही म्हणते, असा त्यांनी अर्थ काढला. एक तर म्हणाली, की मग ती चूक परत एकदा करा. आणि जाता जाता शेवटची बोलून गेली, की तुम्ही नाही दिली तरी चालेल, मथुराबायकडे आहेत.

मथुराबाय आठवड्यापूर्वी घरी गेली होती, महिन्याच्या तीस गोळ्या घेऊन. मी डॉक्टरांना सांगितलं आणि दुपारच्या उन्हात तिच्या घराकडे धावत सुटले. ती पडवीत बसून तांदूळ पाखडत होती. तिने डबा आणून दिला. आम्ही दोघींनी मोजल्या, तर तीन कमी. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "औषद झाला म्हणान काय झाला, आपणच एकट्यान कसा खावचा?" एक तिच्या जावेला दिली होती. ती देवापुढे हळदकुंकवाच्या करंड्यात सापडली. दुसरी शेजारणीच्या चंचीत, सुपारीच्या खांडाशेजारी. तिसरी कोणाला, म्हणून विचारलं तर मथुराबाय माझ्याकडे अशी बघायला लागली, की मला हे आधीच माहीत असायला हवं होतं. मग म्हणाली, "तुमच्या मोठ्या बायन नेल्यान. काल माझो पाय बघूक इल्ली तेवा."

परत कशी आले ते मला सांगता येणार नाही. एक चप्पल वाटेत राहिली. सुभद्राबाई वॉर्डात नव्हत्या, खोलीत नव्हत्या. शेवटी चादरींच्या कोठारात सापडल्या. धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या, डोक्यावरची टोपी मांडीवर, कपाळावरून घामाच्या धारा. अठ्ठावीस वर्षांत ज्यांनी रुग्णालयात मालवणीचा शब्द काढला नाही, त्या मला बघून म्हणाल्या, "तुळसा, हातापायातला बळ गेला गो." मी साखरेचं पाणी केलं. तीन ग्लास प्यायल्या. डॉक्टरांनी येऊन तपासलं, जेवण मागवून समोर बसून भरवायला लावलं.

नंतर त्यांनीच सांगितलं. गोळी कशाची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला शिकवलं त्यांनीच. पण गुडघे अकरा वर्षं दुखताहेत, रात्री कूस बदलता येत नाही, आणि लक्ष्मी विहिरीच्या पायऱ्या चढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली. म्हणून अर्धीच घेतली. अर्ध्याने काय होतं, असं वाटलं. जेवायचं राहून गेलं. त्या हे सांगत होत्या आणि मी खाली बघत होते, कारण आपल्या मोठ्या माणसाला इतकं लहान झालेलं मला बघवत नव्हतं.

मी वहीचं नावही काढलं नाही. त्यांनीच काढलं. म्हणाल्या, "आण ती वही." अक्षर ओळखू येण्यासारखं नव्हतं, पण स्वतःचं पूर्ण नाव घालून सगळं लिहिलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, की अठ्ठावीस वर्षांत पहिलीच तर आहे. त्यांनी टोपण लावलं आणि म्हणाल्या, "पहिली नव्हे, तुळसा. पहिली लिहिलेली."

ताई, त्यानंतर वही भरू लागली. बाकीच्या तिघींनी लिहिलं, एकीने तर दोन लिहिल्या. डॉक्टरांनी एक लिहिली. (अक्षर वाचता येत नाही, हीच एक चूक आहे असं आमचं मत.) या महिन्याच्या वार्तेत सुभद्राबाईंनी सगळ्यांत वर लिहिलं, चुका : सात, आणि खाली प्रत्येकीवर केलेला उपाय. आता रुग्णाच्या मनगटाला नावाची कापडी पट्टी बांधतो. मंडळाचे अध्यक्ष वार्ता वाचून मटकन खुर्चीत बसले. आजूबाजूच्या सगळ्या रुग्णालयांचं निरंक असताना आमच्याच सात कशा, असा त्यांचा प्रश्न. त्यावर त्या चष्म्याच्या बाईंचं पत्र आलं, की हे पहिलं रुग्णालय ज्यात मी स्वतः दाखल व्हायला तयार होईन. अध्यक्षांना ते कौतुक आहे की धमकी, अजून ठरवता आलेलं नाही.

घरी सर्वांना नमस्कार, मुलीला गोड पापा.

तुझी,
तुळसा

ता. क. : मनगटाच्या पट्टीवरची शाई घामाने पुसते. धोबी कपड्यांवर खूण करायला वापरतात ती शाई तिकडे मिळाली तर एक बाटली पाठव.

आणखी एक : शाईसाठी एवढं मोठं पत्र कोणी लिहीत नाही, हे तुला कळलंच असेल. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी तू ट्रंक घेऊन घरी आलीस आणि परत इस्पितळात गेली नाहीस. लग्न ठरलं म्हणून नर्सची नोकरी सोडली, असं सगळे सांगतात. लग्न त्यानंतर दीड वर्षाने ठरलं, ताई. तिथे काय झालं ते मी विचारत नाही. लिहावंसं वाटलं तर आमच्या वहीत पानं पुष्कळ आहेत. भावोजींची बदली कणकवलीला होते आहे असं मावशीने कळवलं. आमच्याकडे एक जागा रिकामी आहे आणि सुभद्राबाईंना मी तुझं नाव सांगून ठेवलं आहे. अर्ज सोबत जोडला आहे. तुझी सही सोडून बाकी सगळं मीच भरलं. जन्मतारीख बहुतेक चुकली आहे. ती तेवढी तुझ्या हाताने दुरुस्त कर.