डाग काढण्यास हरकत नाही

४ मार्च

चि. भाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

त्या सकाळी मी शेगडीवरच्या दुधावर डोळा ठेवून होते. बादल्या भरायच्या होत्या, तुमचा डबा व्हायचा होता. तेवढ्यात छकुलीने बापाच्या ओल्या चित्रावर हात ठेवला. चांगली चार बोटं उमटली. मी धपाटा घालायला धावले, तर हे म्हणाले, राहू दे, तिचंही आहे ते चित्र. तुम्ही दारात बूट घालता घालता हसलात. त्याच वर्षी ती तापाने गेली. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला.

यांनी ते चित्र कलासंग्रहालयाला दिलं, त्याला बावीस वर्षं झाली. हे गेल्यापासून दर गुरुवारी मी शाळेच्या मुलांना तिथली चित्रं दाखवते. बोटं शोधा म्हटलं की पोरं नाक लावून उभी राहतात, आपली बोटं हवेत धरून मापं घेतात. काल गेले, तर चित्र धुऊन लख्ख. बोटं नाहीत. व्यवस्थापकांनी कागद दाखवला : डाग काढण्यास हरकत नाही. खाली घरातला कर्ता पुरुष म्हणून तुमची सही. माझ्या घरी टपाल येत नाही का?

तुमची वहिनी

१२ मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

खोटं बोलत नाही, मला ती बोटं आठवत होती. समजून उमजून सही केली. दर गुरुवारी तुम्ही त्या चित्रापुढे उभ्या राहता आणि घरी येऊन न जेवता झोपता, हे तुमच्याकडे राहायला आली असताना हिने पाहिलंय. म्हटलं, डाग गेला तर तुम्ही एकदाच्या सुटाल. शिवाय दादाचं काम आता नीट दिसतं, लोक वाखाणतात. चार शिव्या घाला हवं तर, तुमच्या धपाट्यांची सवय आहेच. अबोला मात्र नको.

तुमचा धाकटा दीर

१८ मार्च

चि. भाऊजी यांस आशीर्वाद.

गुरुवारी मी जेवत नसे, कारण पोट भरल्यासारखं वाटे. हे मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही दुष्टपणाने केलं असतं तर भांडले असते. भल्यासाठी केलंत, म्हणजे भांडायचीही सोय ठेवली नाहीत. अबोला धरणार नाही. लोभ असावा, एवढं मात्र आज हातून लिहवत नाही.

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. दुसऱ्या दिवशी शाळेची मुलं आली. त्या चित्रापाशी मी त्यांना थांबू दिलं नाही, सरळ पुढच्या दालनात नेलं.

वहिनी