गिटार आणि इतर मिळकत

लिहून ठेवणार : श्रावण वल्द बळीराम नगराळे, वय अंदाजे चौपन्न, धर्म बौद्ध, धंदा खाणमजुरी, राहणार खाणीची वस्ती, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ.

परवा मंगळवारी नागपूरच्या दवाखान्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. भिण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणून आज डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दटावण्याशिवाय आणि कोणतीही नशा न करता, मी माझ्या मिळकतीची व्यवस्था स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आधी अर्जनवीसाकडे गेलो होतो. त्याने पहिल्याच ओळीला जात विचारली. मी धर्म सांगितला. तो म्हणाला, "जुनी कोणती ते सांग." मी कोरा कागद उचलून घरी आलो. रात्रशाळेत शिकलेले अक्षर आहे. वळण वाईट असले तरी मजकूर माझा आहे.

कलम एक. दोन खोल्यांचे टिनाचे घर, अंगणातल्या शेवग्यासह, माझी पत्नी मथुराबाई हिचे. तिच्यामागे आमची मुलगी सत्यशीला हिचे. सत्यशीला यवतमाळला मास्तरणीचे ट्रेनिंग घेत आहे. माझे काही बरेवाईट झाले तरी तिने शिक्षण अर्धे टाकून येऊ नये. छपराचे दोन पत्रे उन्हाळ्यापूर्वी बदलावेत. ते मीच बदलणार होतो, पण वेळ गिटारीत गेला. हे वाचताना मथुराबाई "कबूल तरी केलं" असे म्हणेल. म्हणू द्यावे.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक मथुराबाईची. पुस्तक तिच्याच पेटीत आहे.

कलम तीन. माझे खाणीतले बूट सोबती हिरासिंग याला द्यायचे होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे कळले, म्हणून बूट आजच त्याच्या पायात घातले. ते या कागदात धरू नयेत. सायकल नाही. ती का नाही, ते पुढे येईल.

(येथे मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आलो. बसवत नाही.)

कलम चार. माझा थोरला भाऊ मारोती, राहणार बाभुळगावजवळचे आमचे मूळ गाव. त्याच्याविषयी आधी हकीगत लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम कोणाला समजणार नाही.

आमचा बाप गावात डफडे वाजवीत असे. लग्न असो, मयत असो, पोळा असो, पाटलाचे बोलावणे आले की जायचे. बापामागे आम्ही दोघे भाऊ वाजवू लागलो. सन १९५६ च्या ऑक्टोबरात आमच्या मोहल्ल्याने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि परत आल्यावर ठरवले की गावकीची कामे बंद. मेलेले ढोर ओढणार नाही, डफडे वाजवणार नाही. पुढच्या वर्षी पोळ्याला बोलावणे आले. मी नाही म्हटले. मारोतीने खुंटीवरून डफडे काढले.

मी विचारले, "काहून चालला?"

तो म्हणाला, "घरात दाना नाही. तुह्या नाही म्हनन्यानं चूल पेटते काय?"

मी त्याच्या हातातून डफडे हिसकावले आणि विळ्याने डफड्याचे कातडे उभे फाडले. मारोतीने मला मारले नाही. तो खाली बसला आणि फाटक्या कातड्यावरून हात फिरवीत म्हणाला, "हे बापानं मढवलं होतं रे."

त्याने शेजारच्या गावातून दुसरे डफडे मागून आणले आणि तो पोळ्यात गेला. मी त्याच आठवड्यात बायको-पोरीला घेऊन वणीकडे आलो व खाणीत कोळसा भरू लागलो. आठ वर्षे आमचे बोलणे नव्हते.

कलम पाच. गिटार. एक लाकडी गिटार, सहा तारांची, पाठीला खालच्या बाजूस चीर, ही माझी मुलगी सत्यशीला हिला (ही ओळ मी स्वतः खोडली आहे. सही : श्रा. ब. नगराळे) नर्स इंदूबाई यांना (हीही खोडली आहे. सही : श्रा. ब. नगराळे)

कोणाला द्यायची ते शेवटी लिहितो.

डफडे सोडले तरी हातांना कळले नव्हते. कोळशाच्या डब्यावर, बसच्या पत्र्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बोटे चालत. मथुराबाई म्हणायची, "ताटावर वाजवू नका जी, भाकर पळून जाईल." मला चालल्याचे समजतही नसे. समजले की लाज वाटे आणि मी हात मांडीखाली दाबून बसे.

सन १९६३ मध्ये खाणीत रुळांवरच्या दोन डब्यांच्या मध्ये माझा डावा हात सापडून करंगळीचे टोक गेले. मलमपट्टीसाठी मी खाणीच्या दवाखान्यात जाई. तिथल्या नर्स इंदूबाई यवतमाळच्या, मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेल्या. दुपारी रोगी नसले की त्या व्हरांड्यात गिटार वाजवीत. मी पायरीवर बसून ऐकत असे. पट्टी सुटली तरी जात राहिलो. एके दिवशी त्यांनी विचारले, "श्रावणभाऊ, आता काय दुखते?"

मी म्हटले, "काही नाही. मले हे शिकता येईन काय?"

त्यांनी माझा डावा हात हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "तीन बोटं तर शाबूत आहेत. सुरुवातीला तीनच लागतात."

वय पन्नाशीच्या पुढे, हाताला घट्टे, आणि सुरुवात! उजव्या हाताला काही शिकवावे लागले नाही. बाई ताल धरत, तो पहिल्याच दिवशी धरला. डावा हात मात्र ठार अडाणी. तार दाबली की सुराऐवजी खट् असा आवाज येई. एक बोट जागेवर ठेवले की दुसरे सुटे. बोटांच्या टोकांना फोड आले. करंगळी गेल्यापासून मला बत्तीघरात दिवे पुसायचे काम दिले होते. तिथे फोडांना रॉकेल लागून आग होई. चार महिन्यांनी पहिली कॉर्ड (एकदम दाबलेल्या तारांचा मेळ) स्वच्छ वाजली. एकदाच वाजली. मी दवाखान्यातून घरापर्यंत पळत आलो आणि आल्यावर मथुराबाईला काय सांगावे ते सुचले नाही.

पुढच्या वर्षी खाणीतल्या एका वायरमनची बदली झाली. तो आपली जुनी गिटार टाकून जाणार होता. मी माझी सायकल देऊन ती घेतली. मथुराबाई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "सायकलीवर बसून बजार तरी होत होता. ह्या लाकडावर बसून कुठं जाता?" तेव्हापासून मी ड्यूटीला पायी जातो.

वस्तीतही बोलणे सुरू झाले. पंच कमिटीचे विठ्ठलराव घरी आले. माणूस सच्चा, वस्तीची शाळा त्यांनी उभी केली. ते म्हणाले, "श्रावण, वाजवनं सोडाले आपल्याले किती पिढ्या लागल्या! अन् तू पैसे न घेता, बोलावनं नसता, पुन्हा वाजवून राह्यला?"

मी म्हटले, "बोलावनं नाही, म्हनूनच वाजवतो."

ते म्हणाले, "लोकायले फरक कळत नाही."

फरक कळावा म्हणून मीच हट्ट धरला की सन १९६५ च्या वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीच्या मंडपात, मुलींच्या गीतामागे मी वाजवणार. तीनच कॉर्ड होत्या. इंदूबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या. पहिली लागली. दुसरीवर डावा हात आखडला. मुली गात पुढे गेल्या, मी मागे राहिलो, आणि तारा सुटल्या तसा उजवा हात खाली उतरून गिटारीच्या लाकडावर वाजू लागला. पोळ्याचा ताल. बापाचा. मंडपातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो लगेच ओळखला. कोणी तरी उठून चालते झाले. विठ्ठलराव मंचावर आले, माझे मनगट धरून हळूच म्हणाले, "हात आवर." डोळ्यांत पाणी त्यांच्याही होते. ते रागाचे की कशाचे, मला आजही सांगता येत नाही. मी चूक केली की नाही, हेही सांगता येत नाही. या एका गोष्टीवर माझे मन अजून इकडून तिकडे हिंडते.

कलम सहा. ही बातमी बाभुळगावकडे पोचली. महिन्याभराने मारोती एसटीतून उतरला, हातात तुरीच्या डाळीची पिशवी. अंगणात बसला. मथुराबाईने पाणी दिले. ते पिऊन म्हणाला, "मीबी सोडलं. चार साल झाले."

मी म्हटले, "कोनी सांगतलं नाही."

"मी कोनाले सांगतलंच नाही. तू सोडलं तवा तुह्यामागं पुरा मोहल्ला होता. मले एका पोळ्याले नुसती लाज वाटली. पाटलाचा नातू बैलाले हाकलते तसा मले हाकलून राह्यला होता. डफडं तिथंच ठेवलं अन् घरी आलो."

मग त्याने गिटार मागितली. मांडीवर आडवी घेतली, पुढून पाहिली, पाठीवरून पाहिली.

"याले कातडं नाही?"

"नाही."

"मंग हे तुले फाडता येनार नाही."

आम्ही दोघेही हसलो आणि मग मला हसवेना. मी त्याला दोन कॉर्ड वाजवून दाखवल्या. त्याने लाकडाला कान लावून ऐकले. म्हणाला, "उजवा हात बापाचा हाये. डावा कोन्या गाढवाचा हाये?"

त्या दिवशी जे मी बोलू शकलो नाही ते येथे लिहितो : बापाने मढवलेले डफडे फाडले याबद्दल मी मारोतीची माफी मागतो. वाजवणे सोडल्याबद्दल मागत नाही.

गिटार मारोतीला द्यावी. अटी अशा. ती खुंटीला टांगू नये. रोज वाजवावी, वाईट वाजली तरी. महिन्यातून एकदा वणीला येऊन इंदूबाईंकडून शिकावे. त्यांनी होकार दिला आहे. सांध्यांमुळे त्याची बोटे वळेनाशी झाली तर ती इंदूबाईंनी चाळिशी ओलांडलेल्या एखाद्या माणसाला शिकायला द्यावी. लहानांना शिकवणारे पुष्कळ भेटतात.

कलम सात. माझे अंत्यकार्य आपल्या धम्माच्या रीतीने व्हावे. वाद्य असू नये. (विठ्ठलराव साक्षीला आले तेव्हा त्यांनी सगळा कागद वाचायला मागितला. मी म्हटले, तुमच्याविषयीचे नको असेल तर खोडतो. ते म्हणाले, "राहू दे. पन हे वाद्याचं तू माह्या भेवानं लिहिलं असशीन तर खोड." मी विचार करतो म्हटले. अजून करतो आहे. तूर्त ओळ तशीच राहील.)

कलम आठ आणि शेवटचे. मृत्युपत्र मेल्यावर लागू होते हे मला माहीत आहे. तरी उद्या सकाळी मारोती मला नागपूरच्या बसवर घालायला येणार आहे, तेव्हा गिटार मी त्याच्या हातात देणार आहे. दवाखान्यात ती घेऊन बसलो तर डॉक्टर माझ्या पोटाऐवजी डोके तपासतील. पण इंदूबाईंनी गेल्या आठवड्यात मला एफ नावाची कॉर्ड दाखवली आहे. तिच्यात पहिले एकटे बोट सहाही तारांवर आडवे दाबून धरावे लागते. त्या म्हणाल्या, इथे निम्मे लोक शिकणे सोडतात. मला ती लागलेली नाही. रोज चार तारा बोलतात, दोन मुक्या राहतात. म्हणून सर्व संबंधितांनी नीट समजून असावे की मी जिवंत परत आलो तर गिटार त्याच दिवशी मारोतीकडून मागून घेईन, आणि तो नाही म्हणाला तर भांडेन.

ठिकाण : खाणीची वस्ती, तालुका वणी
तारीख : ९ ऑक्टोबर १९६६, रविवार

सही : श्रावण बळीराम नगराळे

आमच्यासमोर लिहून देणाऱ्याने सही केली व त्याच्यासमोर आम्ही केली :
१. विठ्ठलराव सोनबाजी मुनेश्वर, सही
२. हिरासिंग लालसिंग राठोड, बत्तीघर, डाव्या अंगठ्याची निशाणी