कम्प्युटरची राखण

११ नोव्हेंबर, मंगळवार

कम्प्युटरनं आज परत मागितलं. खाली कोपऱ्यात नारिंगी ठिपका येतो, मग एक पाटी वर सरकते. सगळं इंग्रजीत. श्रावस्ती वाचतही नाही — 'नंतर' दाबते आणि कामाला लागते.

मी विचारलं, काय मागतोय तो? अपडेट, म्हणाली. कशाचं? सुरक्षेचं. मग देत का नाहीस? तर म्हणाली, "आजोबा, दर घडीला विचारू नका. मनात येईल ते या डायरीत लिहा, जेवताना एकदम विचारा." ही डायरी नातीच्या ऑफिसनं दिवाळीला पाठवली. तिला लिहायला वेळ नाही, म्हणून मी लिहितो.

जेवताना विचारायचं —
अपडेट दिलं नाही तर काय होतं?
दिलं आणि मध्येच लाईट गेली तर?

१२ नोव्हेंबर, बुधवार

पोरीनं भाकरी बाजूला ठेवून नीट सांगितलं. कम्प्युटरमध्ये भोकं असतात म्हणे. बनवणाऱ्यालाही आधी माहीत नसतात. चोराला सापडली की तो त्यातून आत शिरतो. बनवणाऱ्याला कळलं की तो भोक बुजवायचा माल पाठवतो. तेच अपडेट.

म्हणजे भोक आहे हे कळलंय, माल दारात येऊन पडलाय, आणि ही 'नंतर' म्हणते!

मी इथं मुरूमच्या मार्केट यार्डात वॉचमन होतो. एकदा सोयाबीनच्या हंगामात गोदामाचा पत्रा निघाला, तर सुतार येईपर्यंत मी त्या फटीला पाठ लावून उभा राहिलो होतो. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, रविवारी करते. कामाच्या दिवशी मशीन अडकलं तर दिवस बुडतो.

तिचं काम पुण्याच्या एका विमा कंपनीचं. दवाखान्याचे कागद तपासते. कुणाला काय आजार, कुठं राहतो, सगळं त्यात. घरी बसून करता येतं म्हणून ती इथं आहे. माझी बायको सुमनबाई गेल्यावर माझा मुलगा प्रसेनजित मला पुण्याला न्यायला आला होता. मी गेलो नाही. मग त्याची ही पोरगीच इकडं राहायला आली.

कम्प्युटर आहे तोवर ती आहे. तो बिघडला, काम गेलं, की ती जाणार. ही गोष्ट जेवताना विचारायची नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

महालिंगप्पा येऊन बसला होता. यार्डात तो तोलार, मी वॉचमन, तेव्हापासूनची ओळख. त्याला भोकांचं सांगितलं. "यप्पा!" म्हणाला, आणि बराच वेळ कम्प्युटरकडं बघत राहिला. मग म्हणाला, "उन्हात ठेव दोन दिवस. बाजेतले ढेकूण उन्हानंच गेले होते."

श्रावस्ती आतल्या खोलीत हसली. मला हसू आलं नाही. ढेकूण परत आले होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

अपडेट झालं नाही. लाईट दिवसभर ये-जा करत होती. अर्ध्यात गेली तर घोटाळा होतो, म्हणाली. हे मीच आधी विचारलं होतं!

आज आणखी एक कळलं. अपडेट खोटंही असतं. चोर स्वतःच पाटी लावतो — तुमच्याकडं चोर शिरलाय, हे दाबा. आपण घाबरून दाबतो. तीच चोराला आत यायची वाट.

मग खरं कोणतं हे ओळखायचं कसं? ती म्हणाली, ओळखत बसायचंच नाही. पाटी कितीही ओरडली तरी तिच्यावर काही दाबायचं नाही. आपण स्वतः सेटिंगमध्ये आत जायचं आणि तिथं अपडेट आलंय का बघायचं. मशीनला खरंच हवं असेल तर ते तिथं दिसतंच. तिनं मला तो रस्ता दोनदा दाखवला.

हे मला लगेच कळलं. यार्डाचं फाटक कुणी बाहेरून ठोकलं, मालक आलोय म्हणाला, तरी उघडायचं नसतं. आपण ऑफिसात जाऊन फोन लावायचा, की मालक घरी आहे का. एवढं आयुष्य मी हेच केलं. मनाला जरा बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

'नंतर.'

२२ नोव्हेंबर, शनिवार

श्रावस्ती लातूरला गेली. तिची मैत्रीण पौर्णिमा, तिचं उद्या लग्न आहे. सोमवारी सकाळी येते म्हणाली. वरण कुठं, भात किती, गॅस कसा बंद करायचा — जसा काही मी काल जन्मलो. कम्प्युटरवर दुपारी वंदना, प्रवचन ऐकायला हरकत नाही. पाटी आली तर दाबायचं नाही. हे तिनं एसटीत चढतानाही सांगितलं. बाजूची बाई वळून बघत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

विहारातून आलो. मेणबत्ती लावली. सुमनबाईला आवडायची ती जुनी वंदना कम्प्युटरवर शोधत होतो. एका ठिकाणी सापडली, लावली, तर वरती दुसरंच पान उघडलं. सगळं लाल. आतून भोंगा वाजायला लागला. मराठीत लिहिलं होतं — आदरणीय वापरकर्ता, आपला संगणक धोक्यात आहे, सुरक्षा अद्ययावत केलेली नाही, संगणक बंद करू नये, खालील क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा.

मी काही दाबलं नाही. हात मांडीखाली घेतले.

पण ते खरं बोलत होतं! अद्ययावत केलेलं नाही हे मला माहीत होतं. किती दिवस 'नंतर' चाललंय, हे त्याला कसं कळलं? आणि श्रावस्तीचा खरा कम्प्युटर नेहमी इंग्रजीत बोलतो. हे शुद्ध मराठी होतं, सरकारी कागदासारखं. मला कुणी आदरणीय म्हटल्याला बराच काळ झाला.

तिनं दाबू नका म्हटलं होतं. फोन करू नका असं म्हटलं नव्हतं. माझ्या बटणाच्या फोनवरून लावला.

तिकडचा म्हणाला, "जय भीम काका, बोला." जिवात जीव आला. आपलाच माणूस!

त्यानं मला एकेक अक्षर सांगून कम्प्युटरवर काहीतरी उतरवून घ्यायला लावलं. मला एका बोटानं वेळ लागतो. तो थांबला, चिडला नाही. मग पडद्यावर आकडे आले, ते त्याला वाचून दाखवले. म्हणाला, आता हात लावू नका, मी अपडेट टाकतो. आणि बाण आपला आपण चालायला लागला. मी खुर्चीवर, माऊस टेबलावर, आणि बाण फिरतोय. माणूस घरात नसताना त्याची चप्पल चालावी, तसं वाटलं.

तो काम करतोय तोवर गप्प बसणं बरं दिसेना. आपल्यात जय भीम झालं की गाव विचारतात, मग पाहुणे कुठले ते. म्हणून विचारलं, गाव कुठलं? म्हणाला, पुणे. म्हटलं ते पोटासाठीचं झालं, मूळ गाव? पुणेच. पुण्यात कुठल्या विहारात जाता? बाण थांबला. श्रावस्तीच्या कामाच्या खात्यावर येऊन थांबला होता. मी म्हटलं, माझा मुलगाही पुण्यात आहे, सांगा, तो येऊन भेटेल. तेव्हा तो म्हणाला, "ओ म्हाताऱ्या, काम करू दे की गप."

आपला माणूस गाव लपवत नाही. मी वायर उपटली. कम्प्युटरची, इंटरनेटच्या डब्याची, टीव्हीची, आणि कुठून काय येत असेल सांगता येत नाही म्हणून फ्रिजचीही.

फोन वाजत राहिला. उशीखाली ठेवला.

श्रावस्तीला सांगावं का? लग्नघर आहे. हळदीच्या, जेवणाच्या गडबडीत पोरीचं तोंड उतरेल. उद्या येतेच आहे.

कम्प्युटरवर सुमनबाईची गोधडी टाकली. तिचा काही उपयोग नाही हे मला कळतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ती आली. फ्रिजमधलं दूध नासलं होतं, तिथूनच सुरुवात झाली.

सगळं सांगितलं. ती रागावली, पण मला वाटलं होतं त्या गोष्टीवर नाही. वायर उपटली ते बरं केलंत, म्हणाली. "पण तेव्हाच फोन का नाही केला? लग्न काय पळून जात होतं? त्या माणसाला एक रात्र मिळाली की, आजोबा!"

तिनं कम्प्युटर चालू केला नाही. आधी आपल्या मोबाईलवरून ऑफिसला कळवलं. मग सगळे पासवर्ड मोबाईलवरच बदलले. मग १९३० ला, सायबर चोरीच्या सरकारी नंबरला, फोन करून तक्रार दिली. मला जेवढं आठवलं तेवढं मी सांगितलं. फोनमध्ये त्याचा नंबर होता, तो दिला.

मग तिनं मला विचारलं, एवढा नियम पाठ होता, तर विश्वास का ठेवला? म्हटलं, तो जय भीम म्हणाला. त्याला कसं कळलं आपण कोण, हेच मला कळेना.

ती म्हणाली, "आधी कोण म्हणालं?"

तो.

"नक्की? फोन धरल्यावर तुम्ही पहिला शब्द काय बोलता?"

मी जन्मात कधी फोनवर हॅलो म्हटलेलं नाही.

म्हणजे त्यानं मला ओळखलं नव्हतं. मी दिलं, ते त्यानं परत केलं. फाटक मीच आतून उघडलं, आणि वर आपला माणूस भेटला म्हणून खूश झालो.

जेवलो नाही. ती म्हणाली, सोंग करू नका, दोन घास खा. खाल्ले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातला कम्प्युटर सांभाळणारा मुलगा, युवराज नाव, दिवसभर फोनवर होता. आवाज मोठा ठेवला होता म्हणून मलाही ऐकू येत होतं. कम्प्युटर पूर्ण पुसायचा ठरला. श्रावस्तीनं बाजारातल्या कम्प्युटर क्लासमधून पेनड्राइव्ह भरून आणला आणि सगळं पहिल्यापासून घातलं. तिचं कामाचं ऑफिसकडं सुरक्षित होतं. आपल्या घरातलं बरंच गेलं. सुमनबाईचे फोटो प्रसेनजितकडं आहेत, म्हणून वाचले.

युवराजनं विचारलं, शेवटचं अपडेट कधी टाकलं होतं? श्रावस्तीनं मग खरं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ते आजोबांना फसवून आत आले, हे वेगळं. पण तुमचीही फट उघडीच होती." मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, हे लिहायला नको होतं.

घरून काम ठेवायचं की नाही, हे वरचे साहेब शुक्रवारी सांगणार.

२६ नोव्हेंबर, बुधवार

महालिंगप्पाला सांगितलं. म्हणाला, उन्हात ठेव म्हणालो होतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उद्या शुक्रवार. तिचं काम गेलं तर माझ्यामुळं. गेलं नाही आणि घरून बंद झालं, तरी माझ्यामुळं. दोन्हीकडून ती जाते. ती गाणं म्हणत भांडी घासत होती. हिला काळजी कशी नाही?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काम राहिलं! घरूनही राहिलं. अपडेट आलं की त्याच दिवशी टाकायचं, एवढी ताकीद. मी हात जोडले, फोनकडं बघून.

ती फोन ठेवणार, तेवढ्यात युवराज म्हणाला, "पुण्याची जागा अजून रिकामी आहे बरं का मॅडम. वर्षभर झालं, सर विचारतात आणि तुम्ही नंतर सांगते म्हणता." तिनं घाईनं आवाज बंद केला. उशीर झाला होता.

मी विचारलं, कसली जागा?

काही नाही, म्हणाली. पगार जरा जास्त आहे. हाताखाली माणसं आहेत. मला नको.

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. समोरून सोयाबीनचे ट्रॅक्टर यार्डाकडं चालले होते. म्हणजे मी कम्प्युटर राखत होतो आणि ही मला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

चहा गाळत होती तेव्हा बोललो. "श्रावस्ती, अजून किती दिवस नंतर दाबतीस?"

कम्प्युटरचं झालं की, म्हणाली.

म्हटलं, कम्प्युटरचं न्हाय.

तिनं गाळणी धुतली. परत धुतली. मग म्हणाली, तुम्ही इथं एकटे काय करणार? म्हटलं, यार्डात रात्रभर कोण होतं माझ्यासंगं? एक कुत्रं होतं, तेही दुसऱ्याचं. ती हसली नाही.

चहा निवला. तसाच प्यालो.

१४ डिसेंबर, रविवार

विहारातून आलो. लाईट आहे हे बघून तिनं मागं ठेवलेला कम्प्युटर चालू केला. ठिपका नव्हता, तरी आत जाऊन बघितलं. एक अपडेट होतं. टाकलं. बंद करू नका म्हणाला, म्हणून समोर खुर्ची घेऊन बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. चष्मा जवळ नव्हता, नाव दिसेना. उचलला आणि काही बोललो नाही.

"जय भीम, आजोबा."

मी गाव विचारलं.

मागं पुण्याच्या गाड्यांचा आवाज येत होता. ती मग म्हणाली, "मुरूम."