चेसिसवरच्या रेघा

३ जानेवारी, शनि.

आज जीपची बॉडी उतरवली. सहा माणसं, दोन बांबू आणि नारूकाकांचं ओरडणं, "हळू रे, बाळंतीण हाय ती!" खाली उरली नुसती चेसिस. घिवलीत, काकांच्या चिकूवाडीतल्या शेडमध्ये, विटांवर. म्हशीचा सांगाडा असं लिहिणार होते. नको. चेसिससारखी चेसिस.

बाबा तिच्याभोवती तीनदा फिरले. लहान हातोडीने टकटक. कुठे आवाज भरीव, कुठे बसका. बोईसरच्या कारखान्यात आयुष्यभर पेंट शॉप सांभाळलेला माणूस. आई गेल्यापासून सकाळी उठतो तो फक्त या जीपसाठी.

मला काही वाटलं नाही. नोंद म्हणून.

४ जाने., रवि.

जीपचं रजिस्ट्रेशन संपतंय. फेब्रुवारीच्या शेवटी पालघरला आरटीओचा कॅम्प. तिथे चालवत न्यायची, दाखवायची. पास नाही झाली तर भंगार.

बाबा म्हणाले, "भंगार तर भंगार."

थोड्या वेळाने, भाकरी मोडताना: "चेसिसचा रंग तू ठरव."

"मी? पेंट शॉपला कोण होतं?"

"तू ठरव म्हटलं ना."

जीप भंगारात गेली तर हा माणूस उद्या कशाला उठेल? म्हणून रंग. मी रंग ठरवणार आहे. हसू येण्यासारखं आहे हे. आलं नाही.

७ जाने., बुध.

कोळगाव, हापिस. कंत्राटी डेटा एन्ट्री, सात-बारा, सात-बारा, डबा. डबा खाताना रंगांचं वाचलं.

वाक्याला क्रियापद लावायचं नाही, हा माझा सध्याचा प्रयोग. कादंबरी त्यामुळे चौथ्या पानावर. रंगांना मात्र चालतं. बघ:

रेड ऑक्साइड, वर काळा इनॅमल. ब्रशने. जुनी पद्धत, बाबांची. थोड्या गंजावरही.

पावडर कोटिंग. भट्टीत भाजलेलं, गुळगुळीत, देखणं. एमआयडीसीत गल्लोगल्ली.

इपॉक्सी. चिवट. पण फक्त कोऱ्या लोखंडावर.

आईलाही मी हे वाचून दाखवलं असतं. "माणसं कुठायत यात?" म्हणाली असती. माझं काहीही वाचून हेच म्हणायची.

१० जाने., शनि.

रंग वाचून नाही ठरत, म्हणे बाबा. जुन्या मडगार्डचे तीन तुकडे कापले. एकावर स्वतः रेड ऑक्साइड आणि काळा. बाकीचे दोन एमआयडीसीतून करून आणले, रामसूरतकडून. ब्लास्टिंगची, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग-गंज उडवायची शेड आहे त्याची, बाबांच्या हाताखाली होता पूर्वी. मग बाबांनी ब्लेडने प्रत्येक तुकड्यावर फुली मारली, थेट लोखंडापर्यंत. चांगल्या रंगावर फुली मारताना त्यांचा हात जराही थांबला नाही.

"जखम केल्याशिवाय कळत नाही, आतून किती सोडतो ते."

तुकडे समुद्राच्या वाऱ्याला, चिकूच्या फांदीला. रोज खारं पाणी मारायचं. ते काकांकडे. बाटली आमची, इस्त्रीच्या कपड्यांवर आई पाणी मारायची ती.

नारूकाका: "बरा हाय. चिकू संपलं की पत्रं तोडायला येतो."

१८ जाने., रवि.

चेसिस धुतली. रॉकेल, तारेचा ब्रश, मी. चिखल, ग्रीस, वाळू, परत ग्रीस. पुढच्या बाजूला ती डब्यासारखी बंद आहे, हात जाईल एवढं एकच भोक. पुढचा स्प्रिंगचा पाटा जिथे अडकतो त्या ब्रॅकेटला लागून. भोकाभोवती ग्रीस बोटभर जाड. मुद्दाम थापल्यासारखं. फडक्याने पुसलं.

खाली रंगात रेघा. बारीक, वाकड्या, एकीशेजारी एक, अर्धी अर्धी वर्तुळं. प्रत्येक रेघेत तांबूस गंज. ब्रश लावणार तेवढ्यात,

"तिथे नको!"

बाबा इतक्या मोठ्याने बऱ्याच दिवसांत बोलले नव्हते.

"का?"

ते चिकूच्या झाडाकडे गेले, पत्रे बघायला. सकाळीच बघितले होते.

२४ जाने., शनि.

निकाल.

पावडर कोटिंग: दिसायला अजून नवीन. बाबांनी फुलीत नख घातलं आणि ओढलं, दुधावरची साय निघावी तसं अख्खं निघालं. खाली गंज. बाहेर पत्ता नाही.

रेड ऑक्साइड: फुली बोटभर रुंद झालीये. जे आहे ते समोर आहे.

इपॉक्सी: फुलीची फुलीच. बाजूला काही नाही.

"झालं मग," मी म्हटलं. "इपॉक्सी."

बाबांनी मान हलवली. मी रामसूरतला फोन केला. "इपॉक्सी चाहिए तो पहले ब्लास्टिंग, दीदी. पुराना सब निकालना पड़ेगा. लोहा एकदम सफ़ेद दिखना चाहिए."

स्पीकरवर होता. बाबांनी चहा अर्धा ठेवला.

२६ जाने., सोम.

सुट्टी. एकटीच घिवलीला. नारूकाका बोटीचं इंजिन उघडून बसलेले. विचारलं, भोकापाशी काय आहे.

"तुला नाय म्हाईत? तुज्या आयच्या बांगड्या त्या."

ते मान वर न करता सांगत गेले. जीप मी जन्मायच्या आधी काकांकडूनच घेतलेली. पहिल्यांदा रंगवली ती इथेच. आतल्या बाजूला बाबांचा हात जाईना, काकांचा तर नाहीच. आईचा गेला. खांद्यापर्यंत हात घालून तिने आतून सगळी रंगवली, एक ब्रश, एक डबा. बाहेरचा रंग अजून ओला, त्यावर बांगड्या घासत राहिल्या.

"तुजा बाप असा भडकला! नंतर हज्जारदा वरनं काळा मारला, पण तेवढी जागा सोडून. दर पावसाच्या आधी ग्रीस थापायचा. आमी हसायचो. त्याला वाटायचं आमाला कळत नाय."

"तिला कळलं होतं?"

"तिला तर सगळ्याच्या आधी."

घरी येताना स्कूटरवर रडू येईल असं वाटलं होतं. पेट्रोल भरलं. दूध घेतलं.

३१ जाने., शनि.

बाबांना म्हटलं, काकांनी सांगितलं.

बराच वेळ ते पेन्सिलला टोक करत होते. मग एकदम, कामगाराला समजावतात तशा आवाजात: "आधी आतून, मग बाहेरून. पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचो. आणि स्वतः बाहेरून मारून मोकळा झालो. चूक माझी. ओरडलो तिच्यावर. दोन दिवस बोललो नाही."

"आणि ती?"

"ती बोलत होती. मी नव्हतो."

मग कागदावर ब्रॅकेट काढून दाखवला. रेघांतून लोखंड उघडं पडलं, गंज तिथूनच शिरलाय. अख्ख्या चेसिसमध्ये सगळ्यात पातळ जागा तीच. सगळा भार येतो तोही तिथेच. ग्रीसने थांबत नाही, लांबतं फक्त.

"म्हणून मला ठरवायला लावलंत?"

"मी रेड ऑक्साइडच म्हटलं असतं, त्याला जुनं काही खरवडावं लागत नाही. ते चुकीचं आहे. मला माहितीये ते चुकीचं आहे."

१ फेब्रुवारी, रवि.

भोकात हात घातला. कोपरापर्यंत सहज, पुढे जरा तिरपा करून खांद्यापर्यंत. माझ्या हातात घड्याळ आणि हापिसचा रबरबँड. आत बोटांना ब्रशचे फराटे लागतात. सरळ नाहीत, न बघता मारलेले. एका कोपऱ्यात रंगाचा थेंब, ओघळून सुकलेला. आत गंज नाही. नखाने तपासलं, खरंच नाही. आतून तिने नीट केलं होतं.

हात काढला तर काळा. साबणाने धुतला.

आई, यात माणसं आहेत. पुढचं वाक्य सुचलं नाही.

काका म्हणाले, "तेवढाच तुकडा ठेव की तसाच."

"तिथून तुटली तर?"

"मंग तुटंल," म्हणाले. थोड्या वेळाने, "नको. तू चालवणार ना ती. नको."

७ फेब्रु., शनि.

चेसिस टेम्पोने एमआयडीसीत. रामसूरतची शेड, सगळ्यावर बारीक करडी धूळ. त्याने आधी चेसिस नंबर शोधला, त्यावर रबराचा तुकडा ठेवून वरून टेप गुंडाळली. सगळेच करतात. ब्लास्टिंगमध्ये नंबर पुसला गेला तर आरटीओच्या कॅम्पात कागद ठेवून पेन्सिलने छाप उठत नाही. मग गाडी कुणाचीच राहत नाही.

मी वळून बघितलं तर बाबा पलीकडच्या बाजूला, भोकापाशी. खिशातून टेप काढली. म्हणजे घरून आणली होती. रबराचा तुकडाही.

रामसूरत: "उधर भी नंबर है क्या, साहब?"

बाबांनी मान वर केली नाही. टेप माझ्याकडे दिली.

"वेल्डर म्हणतो, आतून एक पट्टी मारून ब्रॅकेट धरेल. धरेलच असं नाही. तू म्हणशील तेवढीच जागा झाकू. नाहीतर नको झाकायला."

रामसूरतने तोंडावर मास्क चढवला. कॉम्प्रेसर सुरू झाला, त्यापुढे काही ऐकू येईना. तो हाताने विचारत होता, चालू करू?

मी टेपचं टोक शोधत होते. गोल फिरवली, नखाने चाचपली, परत फिरवली. सापडेना. बाबांनी रेघांवर तळहात ठेवला होता, आणि माझ्याकडे बघत एकेक बोट मिटत होते, एवढी का, एवढी.