अक्षर माझं नाही

तीर्थरूप आईला लांबूनच नमस्कार.

अक्षर बघून घाबरू नकोस. बोटांत पेन धरवत नाही, म्हणून शेजारच्या खाटेवरचे सुतारकाका लिहितायत. मी म्हटलं, "मजेत आहे, एवढंच लिहा." तर म्हणाले, "आईला खरं सांग."

डास चावून आलेला ताप उतरला, पण मागोमाग हातापायांतला जोरच गेला. रक्त तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, विषाणूशी लढायला तयार झालेल्या अँटीबॉडी माझ्याच नसांवर उठल्यात. बरा होईन, पण वेळ लागेल.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं निम्मंच सांग.

भेटीच्या वेळी सगळ्यांची माणसं येतात, तेव्हा मी झोपेचं सोंग घेतो. आज मात्र पायाचा अंगठा जरासा हलला, आणि तू इथे नव्हतीस.

तुझ्या हाकेपलीकडचा,
धाकटा